थंडीतले फोटो: रंग असताना काळे-पांढरे

मागं आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय कळल्यावर गावातल्या एका जुन्या मित्रानं आम्हाला रस्त्यातच अडवलं. म्हणाला, "फोटोचा कसला आलाय इतिहास? इतिहास किल्ल्याचा असतो, लढाईचा असतो." आता खर्ड्याची लढाई आपल्यापासून लांब नाही, १७९५ साली झाली, तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आपलं घरातल्या ट्रंकेवर बोलणार. ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली, कापडात गुंडाळलेले जे फोटो असतात त्यांच्यावर. त्यातही थंडीत काढलेल्या आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंवर.

हा विषय डोक्यात कुठून आला ते आधी सांगतो. गेल्या पौषात आमच्या शेतात हुरडा होता. पुण्याहून पुतणी आलेली, तिची पोरं आलेली, घरची मिळून पंधरा-सोळा माणसं. आगटीभोवती सगळे बसलेले, मागं ज्वारी उभी, सकाळचं कोवळं ऊन. पुतणीनं मोबाईलवर फोटो काढला आणि बोटानं एकदा असं सरकवलं. सगळा रंग गेला. म्हणाली, "काका, बघा ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर कसा भारी दिसतोय. थंडीचे सगळे फोटो असेच करते आणि अल्बम छापून घेते." आम्ही माना डोलावल्या. दिसत होताच भारी. मग तो मोबाईल आमच्या चुलतीकडं गेला. तिचं वय ऐंशीच्या पुढं. तिनं तो हात लांब करून बघितला आणि म्हणाली, "अगं ए, मी मेले का काय? हार तेवढा घालायचा राहिलाय बघ."

सगळे हसले. पुतणी मात्र गप्प झाली, आणि आम्हीसुद्धा. कारण चुलती बरोबर बोलली होती. आपल्याकडं भिंतीवरचा काळा-पांढरा फोटो म्हणजे गेलेलं माणूस. पुतणीच्या डोळ्यांना जे भारी, ते चुलतीच्या डोळ्यांना वर्षश्राद्ध. एकाच फोटोचे हे दोन अर्थ कसे झाले, हा आजचा प्रश्न आहे.

थोडं मागं जाऊ. फोटोची विद्या युरोपात जाहीर झाली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे पंधराच वर्षांत ती तिथं रुजली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या फळीतले छायाचित्रकार, मराठी माणूस. पण ही झाली मुंबई. आपण होतो निजामाच्या मुलखात. आष्टी तालुका बीड जिल्ह्यात आणि बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात, ते थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. आणि इथून नगर जवळ, बीड लांब. ते नगर इंग्रजांचं. म्हणजे कड्याच्या माणसाला जवळच्या शहरात जायचं तरी राज्य ओलांडायचं. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. हाली रुपया कलदारापेक्षा हलका, त्यामुळं नगरच्या बाजारात गेलं की आपल्या पैशाची किंमत आपोआप कमी. दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून १८७८ साली सुरू झाली. आपल्या कड्याच्या स्टेशनात प्रवाशांची गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ला, नगर-आष्टी गाडी सुरू झाली तेव्हा. मधली वर्षं मोजा, १४४ भरतात. नवी वस्तू आपल्याकडं किती उशिरा पोचते याचं दुसरं माप कशाला हवं? कॅमेरा रेल्वेच्या आधी पोचला, एवढंच म्हणायचं.

निजामाच्या राज्यात फोटो नव्हते असं नाही. उलट हिंदुस्थानातले सर्वांत नावाजलेले छायाचित्रकार राजा दीनदयाळ निजामाच्याच पदरी होते. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनानी स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली. विचार करा, त्या काळात! पण ते फोटो कुणाचे? सरदारांचे, नवाबांचे, शिकारीचे, महालांचे. आणि मग त्याच दीनदयाळांच्या स्टुडिओनं १८९९-१९००च्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडचे, फोटो काढले. मदतकेंद्रावर बसवलेली माणसं, कपडेवाटप, आणि हाडांचे सापळे झालेले बाप्ये-बाया रांगेत उभे केलेले. तो संच व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेला. मराठवाड्यातल्या साध्या माणसाचे आम्हाला माहीत असलेले जुन्यात जुने फोटो हेच. त्या माणसांना कुणी विचारलं नसेल की फोटो काढू का. त्यातल्या एकाचंही नाव खाली लिहिलेलं नाही. हे डोक्यात ठेवा, आपण परत इथं येणार आहोत.

आता घरातल्या फोटोंकडं या. आम्ही दोघं-तिघं मित्र गेली काही वर्षं सवड मिळेल तशी आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन जुने फोटो बघतो. नेत नाही हं, बघतो फक्त, आणि घरच्यांनी होकार दिला तर मोबाईलवर नक्कल करून घेतो. तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. जुन्या कुटुंबाच्या फोटोंत मफलर, कानटोपी, कोट, शाल, घोंगडी हे फार दिसतं. अंगात अर्ध्या बाह्यांचा हातविणीचा स्वेटर. आधी वाटलं, रुबाबासाठी घालत असतील. थोडं तेही खरं आहे. एकाच चौकटीचा एकच कोट आम्हाला तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन फोटोंत सापडला. कोट स्टुडिओचा असणार, माणसं बदलत गेली! पण सगळं एवढ्यावर भागत नाही. फोटो खरोखरच थंडीत जास्त निघायचे, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण पैशाचं. बाजरी, कापूस घरात यायचा तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. हातात चार पैसे खुळखुळायचे ते तेव्हा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. पाहुणे जमलेले. शाळेचं गॅदरिंगही डिसेंबर-जानेवारीत, आणि दहावीचा ग्रुप फोटो परीक्षेच्या आधी, थंडीतच. इथं कड्यात अमोलक जैन संस्थेत शिकलेल्या किती जणांच्या घरी तो फोटो असेल! पुढच्या रांगेत खुर्च्यांवर सर, खाली मांडी घालून बुटकी पोरं.

दुसरं कारण उन्हाचं. हे शेतकऱ्याला शिकवायला नको, पण फोटोच्या अंगानं बघा. आपण विषुववृत्तापासून साधारण एकोणीस अंश उत्तरेला. मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर. त्या उन्हात माणूस उभा करून फोटो काढा: कपाळ पांढरंफटक, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं, नाकाखाली मिशीसारखी सावली. बाईलासुद्धा! डिसेंबरात मात्र तोच सूर्य भर दुपारी जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढतो. ऊन तिरपं चेहऱ्यावर येतं, डोळे उजळतात, पदराच्या घडीला खोली येते. ज्या फोटोग्राफरकडं फ्लॅश नव्हता, दिवे नव्हते, गावात वीज नव्हती, त्याला थंडीतली सकाळ म्हणजे फुकट मिळालेला स्टुडिओ होता. भिंतीला घोंगडी नाहीतर धोतर टांगलं की झालं.

तिसरं कारण मात्र बहुतेकांना माहीत नसतं, आणि आम्हालाही एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं अंधाऱ्या खोलीत उभं करून समजावलं तेव्हाच कळलं. काळी-पांढरी फिल्म धुवायची असते ती वीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या द्रावणात. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, त्यात चांदीचे क्षार. पाणी फार गरम झालं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, कधी कधी सुटूनसुद्धा येतं. आता सांगा, एप्रिल-मेमध्ये बीड जिल्ह्यात वीस अंशाचं पाणी कुठून आणायचं? माठातलं घ्या, रात्री दोन वाजता धुवा, शहरातून बर्फाची लादी आणा. अशी सगळी नाटकं करावी लागायची. थंडीत मात्र विहिरीतून शेंदलेलं पाणी थोडं निवू दिलं की काम भागायचं. ते गृहस्थ म्हणाले, "उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं तरी मी टाळायचो. लग्नाचं असलं तर नाइलाज."

आणि पाणी लागायचंही भरपूर. फोटो उमटवल्यावर हायपोमध्ये पक्का करायचा आणि मग तो हायपो निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात खळखळ धुवायचा, अर्धा-अर्धा तास. धुण्यात हयगय झाली की फोटो लगेच बिघडत नाही, पण वीस-तीस वर्षांनी पिवळा-तपकिरी पडतो. म्हणून आम्ही म्हणतो की आपल्या भागातल्या फोटोंवर दुष्काळ आपली सही ठेवून गेलेला असू शकतो. १९७२ साली जिथं प्यायला टँकरची वाट बघायची तिथं फोटो धुवायला कोण वाहतं पाणी देणार? एका घरात आम्ही दोन फोटो शेजारी ठेवून बघितले. मागं तारखा होत्या. १९६८चा कालच्यासारखा. १९७३चा डागाळलेला, कडेनं चहा सांडल्यासारखा. दोन फोटोंवरून सिद्धांत मांडू नये हे आम्हाला कळतं. पण ते दोन फोटो डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बरं, हे सगळं झालं काळ्या-पांढऱ्याचं. पण त्या काळात कुणी काळं-पांढरं 'निवडलं' होतं का? नाही. दुसरं काही नव्हतंच. उलट संधी मिळेल तिथं लोकांनी रंग भरून घेतला. पेंटर म्हणा, फोटोग्राफर म्हणा, कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक कुंचल्यानं फोटोवर रंग चढवून द्यायचा. गालाला गुलाबी, कुंकवाला लाल, जरीच्या काठाला सोनेरी. मायंबाला म्हणा, मढीला म्हणा, जत्रेत फोटोवाला बसला की मागं रंगवलेला पडदा असायचा. त्याच्यावर मोटार, बाग, विमान. माणसं त्या पडद्याच्या रंगावर भाळून आत शिरायची आणि बाहेर येताना हातात काळा-पांढरा कागद घेऊन यायची. रंगाची हौस आपल्या लोकांना पहिल्यापासून आहे. रघुवीर सिंह म्हणून मोठे छायाचित्रकार होऊन गेले, १९९९ साली वारले. त्यांनी हा मुद्दा फार जोरात मांडला. त्यांचं म्हणणं साधारण असं की काळं-पांढरं बघणं ही पश्चिमेची सवय आहे, हिंदुस्थानी डोळा रंगाशिवाय बघूच शकत नाही. आम्हाला हे थोडं ताणलेलं वाटतं. पण आमची चुलती त्यांच्या बाजूनं आहे, हे खरं.

रंग म्हणजे आपल्याकडं नुसती सजावट नव्हती, ती माहिती होती. हिरवा चुडा, लाल कुंकू, विधवेचं आलवण. लुगडं कोणतं यावरून बाई कोण, कुठली, सवाष्ण की नाही, एवढं सगळं कळायचं. आणि जुन्या काचांना आणि फिल्मला नेमका तिथंच धोका होता. सुरुवातीच्या काचांना लाल रंग दिसतच नव्हता. निळा मात्र नको इतका दिसायचा. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ पांढरं, आणि कुंकू म्हणजे कपाळावर काळा ठिपका. लाल आलवण आणि काळी चंद्रकळा यांतला फरक अशा फोटोत संपून जातो. विधवा आणि सवाष्ण एकाच काळ्यात बुडून जातात. यात एक समतासुद्धा आहे म्हणा, पण ती कुणी मागितलेली नव्हती.

आता हल्ली मोबाईलवर जुन्या फोटोंना रंग भरून देणारी सोय आली आहे. बटण दाबलं की आजीच्या फोटोला रंग. आमच्या एका मित्रानं असं केलं आणि गावभर पाठवलं. आजीचं लुगडं निळं आलं. त्याच्या आत्यानं फोन करून झापलं, "आईनं जन्मात निळं नेसलं नाही." यंत्राला काय माहीत? त्याला करडी छटा दिसली, त्यानं अंदाज मारला. बाबासाहेबांचा निळा कोट घ्या. आज चौकाचौकात आपण त्यांना निळ्या कोटात बघतो आणि तसंच ओळखतो. पण त्यांचे मूळ फोटो जवळपास सगळे काळे-पांढरे. तो निळा रंग कॅमेऱ्यानं दिला नाही, लोकांनी दिला, आणि जाणूनबुजून दिला. लोकांनी दिलेला रंग वेगळा आणि यंत्रानं मारलेला अंदाज वेगळा, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

खरी निवड सुरू झाली साधारण सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आणि ऐंशीच्या दशकात. तोवर घरोघरी नाही, पण ज्याच्याकडं असेल त्याच्याकडं आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनणारा साधा डबा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, 'इंदू' नावाची. हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून माल देऊ लागला. नाहीतर पूर्व जर्मनीची ओरवो. रंगीत रोल परदेशी, महाग, आणि तो धुवायला अडतीस अंशाच्या आसपास अगदी काटेकोर तापमान राखणारं यंत्र लागायचं. अर्धा अंश इकडं-तिकडं झाला की रंग बिघडला. म्हणजे रंगीत रोल गावात धुवायची सोयच नाही. तो मोठ्या शहरात पाठवायचा, पंधरा दिवस वाट बघायची. काळा-पांढरा मात्र दहा बाय दहाच्या खोलीत, लाल दिव्यात, दोन ट्रेमध्ये तयार. त्या काळात ज्यानं काळं-पांढरं निवडलं त्यानं कलेसाठी नाही निवडलं. स्वस्त आणि हाताशी म्हणून निवडलं. हातातलं काम आपल्या माणसाच्या हातात होतं, हाही एक भाग आहे. मिनीलॅब आल्या, तासाभरात रंगीत फोटो मिळायला लागले, आणि तालुक्याच्या गावांतल्या त्या अंधाऱ्या खोल्यांत पुढं झेरॉक्सची मशिनं बसली.

मग नियतीनं एक गंमत केली. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आज काढून बघा. तुमच्यापैकी कुणाच्या लग्नाचे असतील. लाल पडलेत ना? हिरवं, निळं उडून गेलंय, माणसं विटकरी झालीत. कारण रंगीत फोटोतला रंग हा रसायनाचा रंग, तो अंधारात ठेवला तरी हळूहळू विटतो. त्यात ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक लावलेले अल्बम! फोटो चिकटले ते चिकटले, काढायला जावं तर चेहरा निघून येतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत मात्र चांदी असते, खरी चांदी, बारीक कणांची. नीट धुतला असेल तर शंभर वर्षं हलत नाही. तेव्हा आजोबांचं लग्न दिसतं आणि मुलाचं पुसत चाललंय, अशी घरं आम्ही बघितलीत. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या रंगीत फोटोंची नक्कल आधी करून घ्या. जुन्याची घाई नाही, नव्याची आहे. आणि नक्कल करताना 'कसाही लाल पडलाय, काळा-पांढरा करून टाकू' असं करू नका. उरलेला थोडा रंगसुद्धा पुरावा आहे. त्यावरून मूळ रंग काढता येतो. एकदा काढून टाकला की नाही.

आता जे मघाशी डोक्यात ठेवायला सांगितलं होतं तिकडं येऊ. आम्ही आतापर्यंत 'कुटुंबाचे थंडीतले फोटो' असं सरसकट म्हणत आलो. पण आपल्या तालुक्यात थंडीत कुटुंब घरी असतं कुणाचं?

दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बोचकी, पत्रे, भांडी, शेळी, कडेवरचं पोर. सगळं ट्रॉलीत. 'कारखान्याला गेलेत' असं आपण म्हणतो. नगरकडं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येणार मार्च-एप्रिलला. गावात मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ज्या महिन्यांत ऊन तिरपं, पाणी थंड, ज्वारी उभी, हुरडा भाजलेला, म्हणजे फोटो सगळ्यांत चांगला येतो, त्याच महिन्यांत हे लोक उसाच्या फडाशेजारी कोपीत. त्यांच्या घरी आम्ही फोटो मागितले तेव्हा थंडीतला एकही निघाला नाही. निघाले ते उन्हाळ्यातल्या लग्नांचे, डोळे बारीक केलेले, घामेजलेले. आम्ही स्वतः उन्हाचं गणित मांडत बसलो होतो, वर्ष-दोन वर्षं. ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात यायला एका ऊसतोडणाऱ्या बाईनं विचारावं लागलं, "थंडीत आम्ही हितं असतो का?" आम्हाला तेव्हा खाली बघावं लागलं.

त्यांच्यातल्या कित्येक वडीलधाऱ्या बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. शेषन साहेबांनी १९९३ पासून ती कार्डं लावून धरली त्यानंतरचा. काळपट, नाक-डोळे ओळखू न येणारा. दुसरा फोटो कुणी काढला? बाहेरून आलेल्या माणसानं. दीनदयाळांनी दुष्काळात काढले, बहात्तरला खडी फोडणाऱ्या बायकांचे पेपरवाल्यांनी काढले. पेपर काळाच छापायचा, त्यामुळं तेही काळे-पांढरे. पुढं १९९३ ते २००२ या काळात पी. साईनाथ दहा राज्यांत हिंडले आणि राबणाऱ्या ग्रामीण बायकांचे फोटो काढले. ते प्रदर्शन पुष्कळ गावांत फिरलं. तेही काळं-पांढरं, आणि तेव्हा रंगीत फिल्म सगळीकडं मिळत होती. इथं ती खरी निवड होती. आम्हाला ते फोटो मोठे वाटतात. त्यात बायकांचं काम दिसतं, कींव दिसत नाही. पण सगळेच काही साईनाथ नसतात. हल्ली कॅमेरा घेऊन फडावर येणारे काही जण रंग काढून टाकतात तो गरिबी जास्त गरीब दिसावी म्हणून. त्या बाईनं गुलाबी साडी नेसलेली असते, वर नवऱ्याचा शर्ट घातलेला असतो, टिकली लावलेली असते. ते गेलं की उरते ती नुसती 'मजूर स्त्री'. १९०० सालच्या रांगेत परत उभी केल्यासारखी.

म्हणजे बघा, पुतणीनं काळं-पांढरं केलं ते हुरड्याला जुनेपणाची ऐट यावी म्हणून. बाहेरचा फोटोग्राफर करतो ते दुःख गडद व्हावं म्हणून. आणि ज्यांचा फोटो, त्या दोघींनाही, आमच्या चुलतीला आणि त्या बाईला, रंग हवा आहे. आम्ही काळ्या-पांढऱ्याच्या विरोधात नाही. चेहऱ्याच्या सुरकुत्या, आगटीचा धूर, घोंगडीचा पोत हे त्यात जे उतरतं ते रंगात उतरत नाही, हे मान्य. आमच्या पुतणीचा फोटो चांगला होताच. पण आम्ही तिला एवढंच म्हटलं की तुझ्या अल्बममध्ये दोन्ही ठेव, आणि मूळ रंगीत फाइल पुसू नको. आजीला विचार, तिचा कोणता लावायचा. तिनं विचारलं. चुलती म्हणाली, "मी असेपर्यंत रंगीत. नंतर काय करायचं ते करा."

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो, कारण घड्याळ दाखवायला लागलेत समोरून.

त्याच हुरड्याला शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा आला होता, सातवीतला. आई-बाप कारखान्याला, हा आजीपाशी. अंगात नवा स्वेटर. पुतणीनं त्याचाही फोटो काढला, ज्वारीच्या कडेला उभा करून, आणि हौसेनं काळा-पांढरा करून दाखवला. पोरगं लाजलं. मग हळूच म्हणालं, "ताई, आईला पाठवायचाय. हा नको, पहिला पाठवा." पुतणीनं विचारलं, "का रे, हा चांगला नाही का?" तर म्हणाला, चांगला आहे, पण आईनं स्वेटरला पैसे पाठवले होते, आणि कोणत्या रंगाचा घेतला ते तिला बघायचं होतं.